अमेरिकेत द्राक्षबाग घेतलीत, मजूर कुठून आणाल? एच-२एची पहिली टोळी आणायची रीत

गेल्या वर्षभरात तीन मराठी घरांतून मला जवळजवळ सारखाच फोन आला. वीस वर्षं आयटीत काढली, साठवलेल्या पैशातून कॅलिफोर्नियात फ्रेस्नो-मडेराकडे चाळीस-पन्नास एकर बाग घेतली, आणि पहिल्याच ऑगस्टमध्ये कळलं की माल काढायला माणूस नाही. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही, उचलला तर पुढच्या आठवड्यावर ढकलतो. यावरची एक कायदेशीर वाट म्हणजे एच-२ए, हंगामी शेतकामासाठी परदेशातून मजूर आणायचा अमेरिकी व्हिसा. त्याबद्दल त्या तिघांना फोनवर तुटक तुटक सांगितलेलं इथे सलग लिहिते.

मी सेल्माजवळच्या एका बागेचं ऑफिस सांभाळते. हजेरी, पगार, परवाने, तपासणीला येणारी माणसं, सगळं माझ्याकडे. बाग माझ्या नवऱ्याची आणि त्याच्या पंजाबी भागीदाराची. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं मणेराजुरी, त्यामुळे थॉमसन सीडलेस मला परकी नव्हती. आपली तास-ए-गणेश तिच्यातूनच निवडलेली. नवीन होती ती बेदाण्याची रीत. आपण शेडमध्ये रॅकवर वाळवतो. इथे घड तोडून दोन ओळींच्या मधल्या जमिनीवर कागदी ट्रेवर पसरतात आणि उन्हावर सोडतात. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे उरकलं नाही आणि पाऊस आला, तर वर्ष गेलं. आणि ही घाई तुमच्या एकट्याची नसते, अख्ख्या खोऱ्याची एकाच वेळी असते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. ‘कायदा बदलतोय, पुढच्या वर्षी सोपं होईल’ या भरवशावर एकही वेल लावू नका. १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेतून मेक्सिकोच्या मजुरांचे ४५ लाखांहून जास्त करार झाले, मग योजना बंद पडली. १९८६ च्या कायद्याने दहा लाखांहून जास्त शेतमजुरांना कायदेशीर राहण्याचे कागद मिळाले, आणि त्याच कायद्यातून आजचा एच-२ए व्हिसा निघाला. आमचा फोरमन त्या कायद्याने कागद मिळालेल्यांपैकी आहे. आज तो साठीच्या पुढे आहे आणि त्याची दोन्ही मुलं शहरात नोकरी करतात. त्यानंतर तेवढ्या मोठ्या प्रमाणावर शेतमजुरांना कागद देणारा कायदा झालेला नाही. सॅन होजेच्या झोई लॉफग्रेन आणि वॉशिंग्टन राज्यातले स्वतः शेतकरी असलेले डॅन न्यूहाउस, दोन विरुद्ध पक्षांचे खासदार, यांनी मिळून आणलेलं विधेयक मार्च २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात २४७ विरुद्ध १७४ मतांनी मंजूर झालं. आधीपासून शेतात राबणाऱ्यांना कायदेशीर दर्जा, आणि वर्षभर चालणाऱ्या कामांसाठीही व्हिसा, अशा दोन्ही गोष्टी त्यात होत्या. सिनेटमध्ये ते अडकलं. प्रतिनिधिगृहातल्या त्या मतदानाच्या दिवशी आमचा फोरमन आमच्याच स्वयंपाकघरात बसून मतमोजणी बघत होता. त्याचा धाकटा मेहुणा अजून बिनकागदाचा आहे. तो मेहुणा कायद्यात बसायला हवा, हे माझं ठाम मत आहे, आणि तसं मी आमच्या खासदाराच्या कार्यालयाला लिहिलंयही. पण बागेचं नियोजन आज जो कायदा आहे त्याच्यावरच करावं लागतं.

तर रीत.

पहिलं काम वहीपेन्सिलीचं. मजूर खरंच किती लागतात ते मोजा. आमचं गणित असं: एकरी साधारण हजार ट्रे, एका ट्रेवर सुमारे नऊ किलो ओला माल, आणि बसलेल्या हाताचा माणूस दिवसाला दोनशे ट्रे भरतो. ८० एकर हाताने काढायचे तर ८०,००० ट्रे, म्हणजे ४०० मजूरदिवस. वीस माणसांना वीस दिवस. मागून ट्रे गुंडाळणं, पेट्यांत भरणं आणि थोडी आवरासावर धरून आम्ही आठ आठवड्यांचा करार करतो. उरलेल्या बागेत आम्ही सेल्मा पीट ही लवकर येणारी जात लावली. तिच्या काड्या छाटल्या की घड वेलीवरच वाळतात आणि यंत्राने उतरवता येतात. तुमचं क्षेत्र वीस एकरांच्या आत असेल तर माझा सल्ला सरळ आहे: एकट्याने एच-२एच्या वाटेला जाऊ नका. शेजाऱ्याबरोबर संयुक्त अर्ज करता येतो, तो करा, किंवा यंत्राकडे वळा.

मग कॅलेंडर. हे उलटं मोजायचं असतं. समजा माणसं २० ऑगस्टला हवीत. कामाची ऑर्डर, म्हणजे ७९०ए हा फॉर्म, केंद्रीय कामगार खात्याकडे (तिथून ती राज्याच्या रोजगार खात्याकडे जाते) ७५ ते ६० दिवस आधी गेली पाहिजे: ६ ते २१ जून. केंद्रीय कामगार खात्याचा अर्ज, ९१४२ए, किमान ४५ दिवस आधी: ६ जुलै. खात्याचा निर्णय साधारण ३० दिवस आधी अपेक्षित: २१ जुलै. त्यानंतर इमिग्रेशन खात्याकडे आय-१२९, मग मेक्सिकोतल्या वकिलातीत मुलाखती (आमच्या मजुरांच्या माँतेरेला होतात), मग बसचा प्रवास. २१ जुलै ते २० ऑगस्ट हा महिना कागदावर मोठा दिसतो. एका नावात स्पेलिंग चुकलं की त्यातला आठवडा गेलाच. हे अर्ज पहिल्या वर्षी वकिलाकडूनच भरून घ्या. दुसऱ्या वर्षापासून मी स्वतः भरते आणि वकिलाला फक्त तपासायला देते.

पण जूनच्याही आधी, मार्चमध्ये, घर बघा. एच-२एचा अर्ज अडतो तो बहुतेक वेळा घरावर. मजुरांना राहायला फुकट घर द्यावं लागतं, आणि तपासणीत ते पास झाल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. झोपायच्या खोलीत माणशी ५० चौरस फूट, दहा माणसांमागे एक शॉवर, पंधरांमागे एक संडास, खाटांमध्ये ३६ इंचांचं अंतर, छत किमान सात फुटांवर. कॅलिफोर्नियात पाच किंवा जास्त कामगार राहणार असतील तर वेगळा परवाना लागतो. आम्ही शेताच्या टोकाचं एक जुनं घर दुरुस्त केलं. पहिल्या वर्षी मी टेप घेऊन सगळं मोजलं होतं, फक्त खाटा भिंतीशी लावून मोजल्या आणि खाटा-खाटांमधलं अंतर धरलंच नाही. तपासनिसाने तीस इंच मोजले आणि कागद परत ठेवला. दोन खाटा दुसऱ्या खोलीत हलवल्या, तिथे धुराचा इशारा देणारं यंत्र नव्हतं, ते आणलं, आणि फेरतपासणीची तारीख मिळायला नऊ दिवस गेले. म्हणून खाट लावायच्या आधी जमिनीवर खडूने आखून घ्या.

स्वयंपाकघर दिलंत तर जेवण द्यावं लागत नाही. आम्ही स्वयंपाकघर देतो. पहिल्या टोळीने काय मागितलं असेल? मोठा तवा. ते त्याला कोमाल म्हणतात. मी दोन छोटे तवे ठेवले होते, आणि वीस माणसांच्या तोर्तिया त्याच्यावर होणार कशा, हे मला, भाकरीच्या घरात वाढलेलीला, सुचायला हवं होतं. आता तीन मोठे कोमाल, दोन फ्रिज आणि आठवड्यातून एकदा बाजाराला नेणारी व्हॅन.

व्हॅनचंही ऐका. शेतात नेणं-आणणं तुमच्या खर्चाने, आणि गाडी, चालक, विमा, पट्टे सगळं नियमात. ऑगस्ट १९९९ मध्ये याच फ्रेस्नो काउंटीत फाइव्ह पॉइंट्सजवळ टोमॅटोच्या शेतातून परतणाऱ्या मजुरांच्या व्हॅनला अपघात झाला आणि १३ माणसं गेली. आत बाकडी होती, पट्टे नव्हते. त्यानंतर राज्याने कायदा कडक केला. तुमचा चालक ‘दोनच मैल तर जायचंय’ म्हणाला तर त्याला त्या दिवशी चावी देऊ नका.

आता पैसे. एच-२ए मजुराला तुम्ही ठरवाल तो दर देता येत नाही. केंद्र सरकार दरवर्षी एक दर जाहीर करतं; तो, राज्याचं किमान वेतन आणि त्या कामाचा चालू दर यांत जो जास्त असेल तो द्यायचा. कॅलिफोर्नियात हा दर २०२३ मध्ये तासाला १८.६५ डॉलर होता, २०२५ च्या सुरुवातीला १९.९७. ऑक्टोबर २०२५ पासून दर काढायची पद्धतच बदलली. कौशल्याच्या दोन पायऱ्या आल्या आणि फुकट घराच्या बदल्यात दर कमी धरायची सोय आली. म्हणून अर्जाच्या दिवशीचा दर स्वतः बघा, कोणाच्या जुन्या तक्त्यावर विसंबू नका. नव्या हिशेबात दर खाली येतो, हे खरं. आम्ही आमच्या माणसांचा दर खाली आणलेला नाही. त्याच उन्हात, त्याच ट्रेवर, तीच माणसं गेल्या वर्षीपेक्षा कमी घेऊन का परत यावीत, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

ट्रेवर पैसे देत असाल तरी तासाचा दर भरलाच पाहिजे, आणि कॅलिफोर्नियात विश्रांतीच्या वेळेचे पैसे पगारपत्रकावर वेगळे दाखवावे लागतात. दिवसाला आठ तासांवर ओव्हरटाइम. २०२५ पासून हे लहान शेतकऱ्यांनाही लागू आहे.

आणखी एक कलम आहे, ज्याचा विचार न करता लोक अर्ज करतात: करारातल्या एकूण तासांपैकी तीन चतुर्थांश तासांची हमी. आठ आठवडे, आठवड्याला ४० तास, म्हणजे ३२०. त्यातले २४० तास काम असो-नसो द्यायचे. २०२३ च्या दराने माणशी ४,४७६ डॉलर, वीस माणसांचे ८९,५२० डॉलर. माल कमी आला, भाव पडला, तरी हे पैसे ठरलेले. अर्जाआधी बँकेत तेवढी सोय आहे का, हे नवरा-बायकोने एकत्र बसून बघा.

आणि स्थानिक मजूर. तुमच्या जाहिरातीवर इथला लायक माणूस आला तर त्याला घ्यावंच लागतं, तेही करार अर्धा होईपर्यंत. शिवाय तेच काम करणाऱ्या तुमच्या जुन्या माणसांनाही एच-२एचाच दर द्यायचा. आमच्याकडे पंधरा वर्षांपासून येणाऱ्या दोन कुटुंबांचा दर त्या वर्षी वाढला. तो आधीच वाढायला हवा होता.

कामाची ऑर्डर लिहिताना घाई करू नका. जे काम तिथे लिहिलेलं नाही ते सांगता येत नाही. पहिल्या वर्षी मी ‘द्राक्षं तोडून ट्रेवर पसरणे’ एवढंच लिहिलं. सप्टेंबरच्या मध्याला ट्रे गुंडाळायची वेळ आली, तिकडून ढग दिसायला लागले, आणि वकीलबाईंनी विचारलं, गुंडाळणं लिहिलंयत का? नव्हतं लिहिलं. मग माझा नवरा, भागीदार, त्याची बायको, कॉलेजातली तीन मुलं आणि मी, पहाटे पाचपासून ओळीत गुडघ्यांवर. आज आमच्या ऑर्डरमध्ये तोडणी, पसरणी, उलटणी, गुंडाळणी, पेट्या भरणं, पानं-काड्या वेचणं, अवजारं धुणं, सगळं नावानिशी असतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले, ती.

माझे मामा जत तालुक्यातले, ऊसतोड टोळीचे मुकादम. दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्या ओसरीवर माणसं बसलेली मला आठवतात. मामा वहीत उचल लिहायचे, जोडप्यामागे किती, आणि हंगाम संपला की ती फिटली नाही म्हणून पुढच्या वर्षाला ओढायचे. मामा वाईट माणूस नव्हते. पण त्या वहीत नाव असलेला माणूस ‘जमत नाही’ म्हणू शकत नसे, एवढं मला दहाव्या वर्षी कळत होतं.

एच-२एमध्ये मजुराकडून भरतीसाठी एक पैसाही घेता येत नाही. तुम्ही नाही, तुमच्या एजंटाने नाही, गावातल्या त्याच्या माणसाने नाही. कायदा तसाच आहे. तरीही मेक्सिकोतल्या खेड्यात कोणीतरी ‘यादीत नाव घालतो’ म्हणून पैसे घेतं, आणि माणूस तुमच्या शेतावर उतरतो तेव्हा गावी त्याची जमीन किंवा दुचाकी गहाण पडलेली असते. वरून बघताना हे दिसत नाही. मी ते असं शोधते: भरतीच्या एजंटाशी लेखी करार, त्यात मजुराकडून काही घ्यायचं नाही हे कलम. मुलाखतीआधी प्रत्येकाला मी स्वतः फोन करते आणि विचारते, ‘इथपर्यंत यायला तुझे किती खर्च झाले, कोणाला दिलेस?’ आल्यावर दुसऱ्या रविवारी, फोरमन जवळ नसताना, पुन्हा तेच विचारते. दुसऱ्या वर्षी एका मुलाने दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं की त्याने आणि त्याच्या चार गाववाल्यांनी पैसे भरलेत. आम्ही पाचही जणांचे पैसे परत केले, खात्याला कळवलं आणि तो एजंट सोडला. आता जुनी माणसंच आपल्या भावाचं, मेहुण्याचं नाव देतात.

व्हिसाची फी तुमची, येण्याचा प्रवास तुमचा, करार पुरा केल्यावर परतीचाही तुमचा. येण्याचं भाडं अर्ध्या करारानंतर फेडलं तरी चालतं असं नियमात आढळेल, पण पहिल्या आठवड्याचा पगार त्या खर्चामुळे किमान वेतनाखाली गेला तर तुम्ही अडकाल. बसचं तिकीट आधीच काढून पाठवा, विषय संपतो. पासपोर्ट सांभाळायला म्हणूनसुद्धा स्वतःकडे ठेवू नका. तो गुन्हा ठरू शकतो. त्यांच्या खोलीत कुलपाचे छोटे कप्पे करून द्या.

करार मजुराला कळेल अशा भाषेत द्यायचा असतो. स्पॅनिश सगळ्यांना येतं असं धरू नका. मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून येणाऱ्या काही मुलांची घरची भाषा मिश्तेको असते आणि स्पॅनिश त्यांना जेमतेम येतं. सातपुड्यातून आलेल्या पावरी बोलणाऱ्या माणसाला कारखान्याचा मराठी कागद दाखवून अंगठा घ्यावा, तसंच ते होईल. आमच्या टोळीतला एक जण दोन्ही भाषा जाणतो. तो करार मोठ्याने वाचतो, आणि त्या दोन तासांचे सगळ्यांना पैसे मिळतात.

ऊन: इथे सप्टेंबरमध्येही पारा ३८ अंशांवर जातो. माणशी तासाला सुमारे एक लिटर थंड पाणी आणि ८० फॅरनहाइटच्या (सुमारे २७ सेल्सिअस) वर सावली, हे राज्याचे नियम आहेत. ९५ फॅरनहाइटच्या (३५ सेल्सिअस) वर दर दोन तासांना दहा मिनिटं सक्तीची विश्रांती. ट्रेवर पैसे मिळणारा माणूस आपण होऊन थांबत नाही. थांबवणं हे फोरमनचं काम, आणि ते त्याला पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा.

इर्जिक इथे चालत नाही. तुमचं आटोपलं म्हणून शेजाऱ्याकडे दोन दिवस टोळी पाठवलीत, तर शेजाऱ्याच्या नावाने अर्ज नसल्यामुळे मजुराचा व्हिसाच धोक्यात येतो. शेजारी कितीही जवळचा असो, नाही म्हणा.

जानेवारी २०२५ मध्ये केर्न काउंटीत सीमा गस्त दलाच्या धाडी झाल्या, आणि दोन काउंट्या वर आमच्याकडेही छाटणीला निम्मी माणसं आली नाहीत. तेव्हापासून दोन गोष्टी करते. सगळ्यांचे आय-९ फॉर्म (काम करायचा कायदेशीर हक्क तपासल्याची नोंद) एका वेगळ्या फायलीत, बाकीच्या कागदांपासून दूर. आणि फोरमनच्या खिशात एक कार्ड: कोणी आलं तर मला फोन कर, स्वतः उत्तर देऊ नको. खुल्या शेतात चौकशीसाठी शिरायला मालकाची संमती किंवा वॉरंट लागतं, हे त्याच १९८६ च्या कायद्यात आहे. फोरमनला ते मी वाचून दाखवलं.

आपल्याकडच्या मुलांसाठीही चार ओळी. तासगाव-जतकडून मला मेसेज येतात: ‘ताई, अमेरिकेत शेतावर काम, पगार तीन लाख, एजंट आठ लाख मागतोय, खरं का?’ जानेवारी २०२५ पर्यंत एच-२ए ठरावीक देशांच्या यादीतूनच मिळायचा आणि भारत त्या यादीत नव्हता. आता यादी काढून टाकली आहे, आणि एजंट तेवढंच सांगतात. पण पैसे मागितले त्याच क्षणी तो माणूस कायद्याबाहेर गेला. आई-वडिलांची एकरभर बाग विकून त्याला पैसे देऊ नका. मालकाचं नाव, मंजुरीचा क्रमांक आणि करार मागा. ते न देणाऱ्याशी पुढे बोलायचं नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला टोळी परत जाते. बस सुटायच्या आधी मी प्रत्येकाला तीन गोष्टी विचारते: पुढच्या वर्षी येणार का, फोन नंबर हाच राहणार का, घरात काय बदलायला हवं. गेल्या वेळी सगळ्यांनी कपडे वाळत घालायला जास्त तारा मागितल्या. नोव्हेंबरमध्ये खांब रोवले. नावांची यादी मार्चच्या फायलीत लावून ठेवली आहे.